पहाटेचं घट्ट तेल

अवधूतच्या स्वेटरला कापसाचे तंतू चिकटलेले असतात आणि तोच स्वेटर घालून तो रोज पहाटे विस्तवाजवळ बसतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा हा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. सेलूच्या एका जिनिंग मिलमध्ये यंत्रांना तेल द्यायचं काम करतो. आयटीआय झाल्यावर दोन कारखान्यांत नोकरी केली, दोन्ही बंद पडले. त्याचे वडील पाहुण्यांना अजूनही "सुपरवायझर आहे" असं सांगतात.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे त्याचा घरी राहिलेला मफलर द्यायला मिलवर गेले, तर शेडमागे तीन विटांवर तेलाचा डबा आणि खाली पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं, पेटलेली. दहा पावलांवर कापसाचा ढीग.

"हे काय करायलास?"

"तेलाला थंडी वाजायलीय, आई. शेकायला बसवलंय."

मग त्याने काडी बुडवून दाखवली. तापलेलं तेल सरळ धारेने उतरलं. बॅरलमधलं गार तेल मात्र काकवीसारखं काडीलाच धरून राहिलं. असं तेल बेअरिंगपर्यंत पोचत नाही, बेअरिंग कोरडं फिरून जळतं, म्हणाला. उन्हाळ्यात सगळंच तेल पातळ होतं, तेव्हा हे जाड तेल बरं. थंडीसाठी पातळ तेल वेगळं मिळतं. निदान यंत्र अर्धा तास रिकामं फिरवलं तरी आतलं तेल तापतं. पण फाटकावर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या असतात.

"मग शेठना पातळ तेल माग की."

"मागितलं ना. म्हणले, बॅरल बदलू का तुला बदलू?"

मी शपथ घातली. उद्यापासून बंद, म्हणाला. आणि आज संध्याकाळी फोनवर सहज बोलून गेला, "लय गारठा, आई. दोनदा तापवावं लागलं."

शेठना सांगितलं तर ते तेल बदलणार नाहीत. विस्तव केला म्हणून यालाच काढतील. या वयात दुसरं काम मिळणं नाही, आणि माझ्याशी तो पुन्हा धड बोलेल असंही वाटत नाही. हे म्हणतात, "इतके दिवस काही झालं का? तू पडू नको त्यात."

उद्या पारा पाच अंशांवर उतरणार आहे. पहाटे पाचला तो पऱ्हाटी पेटवतो. मिलच्या पाटीवरचा शेठचा नंबर मी उतरवून आणलाय. साडेचारला फोन लावणार. अवधूतचं नाव सांगावंच लागेल.