ठकूआक्काचे पावणे

कोल्हापूरहून मदत वाटायला पाहुणे आले की ठकूआक्का चहाच्या आधी फोटो उरकून घ्यायची. गाडी खालच्या गावात ठेवून, डोंगर चढून धापा टाकत आलेली ती मंडळी घाम पुसत असतानाच ती वाड्यावरच्या पोरांना पत्र्याच्या शेडपुढे ओळीत उभं करायची. "पावणं, फोटू आधी काढून घ्या," ती म्हणायची, "पोरं एकदा खेळाय गेली की पुन्यांदा गरीब दिसत न्हाईत."

पाहुणे हसायचे. कुणाला त्यात साधेपणा दिसे, कुणाला अडाणीपणा. टोमणा फार थोड्यांना कळे. ज्यांना कळे ते पुढच्या वेळी कॅमेरा न काढता नुसतेच यायचे, आणि त्यांना ती भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडायची नाही.

आजऱ्याच्या वरच्या डोंगरात म्हशी राखणाऱ्या धनगरांचा तिचा वाडा. चारी बाजूंनी जंगल, मधे थोडी घरं. म्हशी चारायच्या तर जंगलाचा कायदा आडवा, रस्ता मागायचा तर तोच कायदा आडवा. गव्यांना मात्र कसलाच कायदा लागू नव्हता. वाड्यावर एक शाळा होती, ती पोरं कमी म्हणून बंद झाली. शिकणारी पोरं कमी आहेत, तर शाळाच काढून घ्यायची, म्हणजे ती आणखी कमी होतात आणि निर्णय बरोबर ठरतो. मग चौथी शिकलेली आक्का हातात काठी घेऊन पोरांना रोज जंगलातून खालच्या गावच्या शाळेत नेऊ-आणू लागली. बघता बघता त्याची संस्था झाली. पोरांना पोचवायला बायकांच्या पाळ्या, संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास, गोव्याच्या हॉटेलांत ताटं धुणाऱ्या तरण्या पोरांना परत आणून बारावीला बसवणं, आजारी माणसाला झोळीतून रस्त्यापर्यंत उतरवणं. कागदोपत्री संस्थेचं नाव एवढं लांबलचक होतं की पाटीवर मावलं नाही. सगळे 'आक्काची संस्था' म्हणत.

मी समाजकार्याची पदवी घेऊन तिथे कामाला लागले, तेव्हा आक्काने माझ्याकडे नीट बघितलं. "समाजाचं काम कालेजात शिकवत्यात व्हय, म्याडम? आनि समाज कुठं बसतोय तवा, मागच्या बाकावर?"

एकदा एका मंडळाने दुधाच्या पावडरीची पाकिटं आणली. म्हशी राखणाऱ्यांना. मला कुठे बघावं कळेना. आक्काने एक पाकीट कपाळाला लावलं आणि म्हणाली, "म्हशीस्नी दाखवतो. लई माज आलाय त्यास्नी."

असेच एके दिवशी कोल्हापुरातले एक साहेब आले. त्यांचा मोठा ट्रस्ट होता आणि ट्रस्टचं नवंकोरं वसतिगृह होतं. वाड्यावरची सगळी पोरं तिथे न्यायची, राहणं-जेवण फुकट, शाळा इंग्रजी. "या मुलांना आपल्याला अंधारातून बाहेर काढायचंय," साहेब म्हणाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"घरला कवा येनार पोरं?" आक्काने विचारलं.

"दिवाळीत आणि मे महिन्यात. सारखं घरी आलं की मुलं बिघडतात."

"आनि आमी भेटाय आलो तर?"

"महिन्यातून एकदा. शिस्तीचा प्रश्न असतो."

"बरोबर हाय," आक्का म्हणाली, "आईबापाची लागन लई वाईट."

साहेबांनी मान डोलावली. आईबाप मात्र वळायला लागले होते, आणि त्यांना तरी काय बोलणार? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा बुडायची, गवा वाटेत आला की पोरं झाडावर. बाया पदराने डोळे पुसत होत्या आणि माना हलवत होत्या.

तेव्हा आक्का उठली. "सायेब, पोरास्नी इचारलं का?"

"त्यांना काय कळतंय, आजी?"

"म्हस बाजारात न्यायची तर तिला इचारत न्हाई आमी. ही पोरं हाईत." आणि तिने ओळीने एकेकाला विचारायला सुरुवात केली. जायचं का तुला? पोरं जमिनीकडे बघत राहिली. कुणी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. आक्काचा चेहरा हळूहळू जिंकल्यासारखा व्हायला लागला होता. सगळ्यांत शेवटी तिची नात बसली होती. आई वारल्यापासून आक्कानेच वाढवलेली, सातवीतली रुक्मी.

"मी जानार," रुक्मी म्हणाली.

शेडमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आक्काने एक वाक्य बोलून विषय संपवला असता. तिच्यापुढे बोलायची वाड्यात कुणाची टाप नव्हती. पण ती खाली बसली. "म्या इचारलं," ती म्हणाली, "आता उत्तर आलंय तर ऐकाय पायजे."

खुद्द आक्काची नात जाते म्हटल्यावर सगळ्यांचीच पोरं गेली.

वाडा सुनासुना झाला. मी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आक्का, थोडी विश्रांती तरी मिळाली."

"व्हय की. लई निवांत हाय," ती म्हणाली, "मसनात असतंय तसं."

दिवाळीत पोरं आली ती बूट घालून. एकाने आईला 'न्हाय' म्हणायचं नसतं, 'नाही' म्हणायचं असतं, असं शिकवलं. आई ओशाळून हसली. आक्का मला म्हणाली, "एक दुभाषा नेमा, म्याडम. संस्थेत जागा काढा."

पुढच्या वर्षी, शाळा भर रंगात असताना, ट्रस्टला कळलं की समाजाची गरज बदलली आहे. शहराला वसतिगृहापेक्षा मंगल कार्यालयाची निकड जास्त होती. पोरांना एका टेम्पोतून खालच्या गावात आणून सोडलं. आता आक्का साऱ्या वाड्याला धारेवर धरणार, म्हणून माणसं खाली मान घालून उभी होती. आक्का एवढंच म्हणाली, "वाट ध्यानात हाय न्हवं? चला." आणि काठी घेऊन पुढे चालायला लागली. ती पोरं दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत बसली.

रुक्मी मात्र हटून बसली. तिला कोल्हापुरातच शिकायचं होतं. त्याच आठवड्यात आक्का तिला घेऊन कोल्हापूरला लागून असलेल्या माझ्या उचगावच्या घरी हजर झाली. सोबत तुपाची बरणी आणि पोरीचं गाठोडं.

"आक्का, तुम्ही तर या सगळ्याच्या विरोधात होता," मी म्हटलं.

"तवाबी हुतो, आताबी हाय. पन एवढ्या पोरांत हिनंच तेवढं तोंड उघाडलं. आता हिलाच गप बसवू व्हय?"

मी गाठोडं उचलून आत नेलं. पोरीची सोय आतल्या खोलीत झाली. निघताना आक्काने तिला जवळ घेतलं नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. चपला घालता घालता म्हणाली, "रुक्मे, हितं 'न्हाय' म्हनायचं का 'नाही', ते तुझं तू बघ. पन म्हनाय शीक."

रुक्मी बारावी होऊन नर्सिंगला गेली, त्या पावसाळ्यात आक्का तापाने गेली. तिला झोळीत घालून उतरवलं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

बाराव्याला साहेबही आले, हार घेऊन. भाषणात त्यांनी आक्काला माऊली म्हटलं, वात्सल्याची मूर्ती म्हटलं. ती असती तर त्यांना पाणी विचारलं असतं, आणि आणखी बरंच काही. शेवटी ते म्हणाले, "आजीचं कार्य आता रुक्मिणी पुढे नेणार." टाळ्या पडल्या. वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी मान डोलावली. तूच आता आमची आक्का, म्हणत बायांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. रुक्मी भिंतीला टेकून बसली होती.

संध्याकाळी आम्ही दोघी डोंगर उतरत होतो. पायवाट निसरडी झाली होती. बराच वेळ चालल्यावर मी म्हटलं, "रुक्मे, तुझं काय म्हणणं आहे?"

ती पुढे होती. वाटेवर आलेली फांदी तिने मी जाईपर्यंत धरून ठेवली.

"अजून ठरवलं न्हाय," ती म्हणाली, "आधी परीक्षा हाय."