फॅक्सच्या रकान्यातली मुक्कामी गाडी

“मॅडम, तुमच्या नव्या सिस्टिममध्ये जमनाबाईंचा एकच मोबाईल नंबर आहे आणि तो कालपासून बंद लागतोय. जुन्या सिस्टिममध्ये आणखी काही होतं का?”

धुळ्याच्या नेत्र रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन होता. मी जळगावच्या ऑफिसात डबा उघडत होते.

“जे होतं ते सगळं आलंय, सर,” मी ठणकावून सांगितलं.

“एकदा बघा. बुबुळ आलंय. बाई उद्या दुपारपर्यंत आली तरी चालेल. पण आज पाचपर्यंत पत्ता लागला नाही, तर मला पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल.”

जमनाबाई शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याला कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागली आणि डोळ्यात फूल पडलं. नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवलं तरच दिसणार. यादीत त्यांचा पहिला नंबर होता. पण असं बुबुळ फार दिवस ठेवता येत नाही. माणूस सापडला नाही तर ते पुढच्याला जातं, आणि ते बरोबरच आहे.

मी “बघते” म्हटलं आणि डबा खाल्ला. मग एक मीटिंग होती. तीही केली.

आता माझं काम सांगते. जुन्या सॉफ्टवेअरमधली माहिती नव्यात न्यायची, याला मायग्रेशन म्हणतात. त्याआधी मॅपिंग रिपोर्ट काढावा लागतो: जुन्यातला कुठला रकाना नव्यात कुठं जाणार. हजारो ओळी डोळ्यांनी कोण बघणार? म्हणून मी स्वतः एक टूल लिहिलं होतं. आम्ही त्याला ‘चाळणी’ म्हणायचो. ते जुनी सगळी माहिती गोळा करायचं आणि रकान्यांची वर्गवारी करायचं. कामाचं ते ‘घ्या’, निकामी ते ‘कचरा’. काय अभिमान होता मला त्याचा! लेकराचं कौतुक करावं तसं मी येईल त्याला दाखवायचे.

रुग्णालयाच्या रिपोर्टमध्ये ‘फॅक्स’ हा रकाना कचऱ्यात होता. बहुतेक ओळी रिकाम्या, आणि जिथं काही होतं तिथं आकडे नव्हतेच, अक्षरं होती. चाळणीच्या हिशेबी चूक.

रिपोर्टवर सह्या घ्यायला मी धुळ्याला गेले, तेव्हा रजिस्ट्रेशनच्या खिडकीवरचे रमजानभाई अदबीनं म्हणाले होते, “मॅडम, त्या फॅक्सच्या खान्यात जरा माझं लिहिलेलं आहे.”

“भाई, आता फॅक्स कोण पाठवतं? तुमचं सगळं नव्यात येईल, काळजी करू नका.”

समोर मॅनेजर बसलेले. रमजानभाई हसले, “बरं मॅडम” म्हणाले आणि सही केली. नवी सिस्टिम सुरू झाली त्याच महिन्यात ते रिटायर झाले.

मीटिंग संपली, पण मनात काहीतरी टोचत होतं. साडेपाचला मी जुन्या सिस्टिमची जपून ठेवलेली प्रत, म्हणजे बॅकअप, उघडला. जमनाबाईंची ओळ काढली. फॅक्सच्या रकान्यात लिहिलं होतं: “शिरपूरची मुक्कामी गाडी, सुटते चारला. कंडक्टरला सांगणे. फाट्यावर गिरणीवाले नथाआबा यांना निरोप.”

मी बाकीच्या पेशंटच्या ओळीही उघडल्या. वरखाली सरकवत गेले. “दूधवाल्यामार्फत.” “सोमवारच्या बाजारात भाच्याला गाठणे.” जिथं मोबाईलला रेंज नाही तिथल्या प्रत्येक पेशंटपर्यंत जायची वाट त्या माणसानं लिहून ठेवली होती. फोनच्या रकान्यात अक्षरं चालत नव्हती, फॅक्सच्या चालत होती, एवढंच. आणि माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती?

डॉक्टरांना फोन लावला.

“सर, सापडलं.”

“उशीर झाला, मॅडम. पुढच्या पेशंटला दाखल करून घेतलंय. आता त्यांना उठवून घरी पाठवू का?”

मी फोन ठेवला.

आठवड्यानं रमजानभाईंना घेऊन पाड्यावर गेले. ते वाटेत एका शब्दानं मला बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गिरणीपाशी नथाआबा भेटले. रमजानभाईंना बघून म्हणाले, “भाई, मी रोज कंडक्टरले इचारस, दवाखानाना निरोप शे का? तो म्हने, नही शे.”

पुढं पाड्यावर जमनाबाई आपल्या घरात बसल्या होत्या. दाराशी कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. केव्हापासून, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी सगळं कबूल केलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

त्या म्हणाल्या, “कोणाला तरी बसला ना तो डोळा?”

“हो.”

“मग झालं.”

त्यांची मुलगी सुनीता पाणी घेऊन आली. सहावीत होती. आईला हाताला धरून न्यायला कुणी नव्हतं, म्हणून आश्रमशाळेतून घरी आली होती. “आईचा डोळा झाला की जाणारे परत,” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी फॅक्सचा रकाना नव्या सिस्टिममध्ये आणला. त्याला नाव दिलं ‘निरोप कसा पोचवायचा’. आठ महिन्यांनी पुन्हा बुबुळ आलं. चारच्या गाडीनं निरोप गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी जमनाबाई हजर. ऑपरेशन छान झालं. त्यांना आता दिसतं, त्या पुन्हा कापूस वेचायला जातात.

सुनीता त्यांच्यासोबत वेचायला असते. आठ महिन्यांत शाळा मागं राहिली ती राहिलीच. मी दोनदा जाऊन समजावलं. “आता लाज वाटते, बाई, लहान पोरींत बसायची,” एवढंच म्हणाली. तिच्यासाठी माझ्याकडं कुठला बॅकअप नव्हता.

जळगावात बसून मी उंटावरून शेळ्या हाकत होते. चाळणी अजून वापरते, पण रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवलाय: ‘हे कोण भरतं?’ तिथं माणसाचं नाव लागतं. त्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसल्याशिवाय मी आता काहीही कचऱ्यात टाकत नाही. अर्ध्या तासाचं काम असतं ते.