गॅसच्या ट्रकसाठी बारा फूट

सकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी शुभा देवस्थळीने गाडी लो गिअरमध्ये टाकली, पुढचं सहा फुटी पातं तिरकं केलं आणि बर्फाच्या भिंतीला सातव्यांदा धडक दिली. टोपलीभर तुकडे पडले. तिने पातं उचललं, गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली.

गाडी गोल्फच्या गाडीपेक्षा दांडगी आणि जीपपेक्षा लहान. इथे तिला यूटीव्ही म्हणतात. छप्पर आहे, समोर काच आहे, दारं नाहीत. बाहेर अकरा फॅरनहाइट होतं, म्हणजे शून्याखाली बारा सेल्सिअस. शुभा एकोणसाठ वर्षांची. अंगावर नवऱ्याचं, रवीचं, जाड जाकीट, कारण तिच्या स्वतःच्या जाकिटात दोन स्वेटर मावत नाहीत.

न्यू जर्सीच्या वायव्य कोपऱ्यात, ससेक्स काउंटीत, या नवरा-बायकोची नऊ एकर जमीन आहे. फाटकापासून घरापर्यंत सातशे फूट खडीची वाट. रात्री पाच इंच बर्फ पडला होता, पण तो भुसभुशीत. तो लोटायला अर्धा तास पुरला असता. अडचण जुन्या बर्फाची होती. डिसेंबरपासून चार वेळा पडलेला बर्फ वाटेच्या दोन्ही कडांना साठला, वितळला, पुन्हा गोठला. दर वेळी वाट थोडी आवळत गेली. आता ती साडेआठ फूट उरली होती. गॅसच्या ट्रकला बारा लागतात.

शुक्रवारी तो ट्रक फाटकावरूनच परत गेला. खांबाला पिवळी चिठ्ठी बांधून गेला: रस्ता अरुंद, गॅस भरलेला नाही, पुढची फेरी मंगळवारी सकाळी दहाला. आज मंगळवार. घर आणि पॉलिहाऊस गरम ठेवणाऱ्या गॅसच्या टाकीचा काटा बारा टक्क्यांवर होता. या थंडीत तेवढा गॅस दोन दिवस पुरतो, फार तर अडीच. आज ट्रक हुकला तर त्यानंतरची फेरी थेट सोमवारी. आणि गुरुवारी रात्री पारा उणे दोन फॅरनहाइटवर, म्हणजे शून्याखाली एकोणीस सेल्सिअसवर, जाणार होता.

घर थंड पडलं असतं तर दोघं पिस्कॅटवे गावात ओळखीच्या कुणाकडेही जाऊन राहिले असते. पॉलिहाऊसमधली कढीपत्त्याची सहाशे चाळीस रोपं कुठे जाणार?

पिस्कॅटवेतल्या निम्म्या मराठी घरांत खिडकीशी कढीपत्त्याची कुंडी असते आणि दर फेब्रुवारीत ती वाळते. शुभाचीही वाळायची. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तपासणीचं काम केल्यावर तिने हा प्रश्नही तसाच हाताळला: माती, उजेड, पाणी, नोंदी. मुळांना गारठा लागू द्यायचा नाही आणि हिवाळ्यात पाणी कमी, हे उत्तर सापडलं तेव्हा तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ही जमीन पाहिली. रोपं बियांपासून वाढवलेली, तीन वर्षांची. एप्रिलमध्ये पहिल्यांदा विक्रीला बाहेर जाणार होती. दोनशे बारा घरांनी नावं नोंदवली होती.

पावणेसातला रवी थर्मास आणि मोजपट्टी घेऊन आला. एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तो घरूनच सांभाळतो.

"किती झालं?"

"चाळीस फूट."

रवीने मनात हिशेब केला. तो शुभाने आधीच केलेला होता. या वेगाने काम रात्री दहानंतरच संपणार होतं.

"तू बर्फ खरवडून फाटकापर्यंत ओढत का नेतेस? तिथल्या तिथे बाजूला ढकल ना."

"बाजूला तुझा लसूण आहे."

चूक तिथे होती, आणि ती दोघांची मिळून होती. शुभाच्या वडिलांची वरुडजवळ शेती. तिथे बांध रिकामा ठेवत नाहीत. बांधावर तूर, पाटाकडेला अंबाडी. इथे आल्यावर शेजारच्या वॉल्टरने वाटेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट नुसतं गवत सोडलेलं पाहून ती हसली होती. एवढी जमीन वाया! ऑक्टोबरमध्ये रवीने वाटेला अगदी खेटून लसणाच्या रांगा लावल्या, वर पेंढा पसरला, ओळखायला बांबूच्या काड्या रोवल्या. मग डिसेंबरात बर्फ पडू लागला तेव्हा त्या काड्यांना धक्का लागू नये म्हणून शुभा तो काठाशीच नीट रचत राहिली. वॉल्टरचं गवत बर्फ टाकण्यासाठी होतं, हे तिला पिवळी चिठ्ठी वाचताना कळलं.

"उजवीकडे ढकल," रवी म्हणाला.

"उजवीकडे विजेची केबल आहे, विहिरीचा पाइप आहे. डावी बाजू दे."

"यार शुभा, डावीकडे चारशे पाकळ्या आहेत. एकेक हाताने लावलीय."

"माझी सहाशे झाडं काय मी पायाने लावली?"

थर्मासचं झाकण उघडून रवीने तिला चहा दिला. तो अर्धा पिऊन ती कप परत द्यायला वळली, तर रवी डाव्या काठाने चालू लागला होता. वाकून बर्फातून एकेक काडी उपटत होता.

"फोडून टाकशील पेंढ्याखालचं," तो मागे न पाहता ओरडला. "पातं जमिनीला लावू नकोस. दोन इंच वर ठेव."

"मला शिकवू नकोस, तू चाल पुढे!"

त्यानंतर काम सरकू लागलं. भिंतीच्या बाजूने घासत जाण्याऐवजी शुभा तिला आडवी भिडायची: एक घाव, ढेकळं शेतात, मागे, चार फूट पुढे, पुन्हा घाव. साडेआठपर्यंत निम्मी वाट रुंद झाली. आणि तेव्हा जळक्या रबराचा वास आला.

गाडीचा पट्टा, इंजिनाचा जोर चाकांना पोचवणारा. गेल्या हिवाळ्यात हाय गिअरमध्ये जोर लावून तिने तो एकदा जाळला होता आणि नवा मिळायला नऊ दिवस लागले होते. तिने लगेच गाडी न्यूट्रल केली, पट्ट्याला वारा लागून तो निवावा म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरून घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं, एक मिनिटही कमी नाही. तेवढ्या वेळात तिने लाकडाच्या शेगडीतली राख दोन बादल्या भरून वाटेतल्या चढावर पसरली. मीठ ती वापरत नाही; त्या उताराचं पाणी विहिरीकडे जातं.

रवी फावडं मारत होता. खिशातल्या फोनवर त्याची मीटिंग चालू होती.

"रवी, तू म्यूटवर आहेस ना?"

"आहे."

"मग दे मोकळ्या मनाने शिव्या."

त्याने दिल्या. वाटेला खेटून लसूण लावणाऱ्या स्वतःलाच.

दहा वाजून चार मिनिटांनी ट्रक फाटकाशी थांबला. डेल नावाचा ड्रायव्हर पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने मोजपट्टी काढून तीन ठिकाणी रुंदी मोजली. फाटकाशी बारा फूट दोन इंच. मधे बारा फूट पाच. वळणावर अकरा फूट दहा.

तो पट्टीकडे बघत राहिला. रवीने फावडं उचललं.

"दोन इंचच कमी आहेत," शुभा इंग्रजीत म्हणाली.

"आरसा माझा जातो, बाई, तुमचा नाही," डेल म्हणाला. मग घड्याळ बघून म्हणाला, "दहा मिनिटं थांबतो. त्यावर नाही."

पट्टा अजून गरमच होता. शुभाने तीन घाव घातले, मधे मधे श्वास घेतल्यासारखी थांबत. तिसऱ्याला टेबलाएवढा तुकडा निघून शेतात कोलमडला. डेलने पुन्हा पट्टी लावली. बारा फूट चार. त्याने मान डोलावली आणि ट्रक उलटा घेत, दोन्ही आरशांत बघत, राखेवरून चढाव चढून टाकीपर्यंत आणला.

गॅस भरत असताना त्याने पॉलिहाऊसकडे बोट दाखवून विचारलं, "एवढी ऊब कशाला लागते तिथे?"

शुभाने त्याला दार उघडून दाखवलं. आत बासष्ट फॅरनहाइट, म्हणजे सुमारे सतरा सेल्सिअस. त्याने एक पान चुरगळून नाकाशी नेलं.

"खातात हे?"

"याच्याशिवाय आमच्याकडे फोडणी होत नाही," शुभा म्हणाली आणि मग तिला फोडणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

टाकी ऐंशी टक्के भरली. त्याच्यावर भरत नाहीत. ट्रक गेल्यावर रवी डाव्या काठाला गुडघ्यांवर बसला. पेंढा बऱ्याच ठिकाणी जागेवर होता. वळणाशी पात्याने जमीन ओरबाडली होती. तिथे अकरा पाकळ्या उघड्या पडलेल्या, मुळांसकट. त्याने त्या खिशात घातल्या.

"बाकीच्या?" शुभाने विचारलं.

"बाकीच्या झोपल्यात. एप्रिलमध्ये कळेल." तो उठला. "पुढच्या वर्षी दोन्हीकडे दहा फूट गवत."

"वॉल्टरला सांगू नकोस."

"सांगायला कशाला हवं? तो सकाळपासून खिडकीतून बघतोय."

दुपारी शुभाने पट्ट्याचं झाकण उघडलं. पट्ट्यावर चकाकी आली होती, भेग नव्हती. तिने वहीत तारीख आणि इंजिनाचे तास लिहिले आणि गाडी शेडमध्ये लावली.

उद्या बुधवार. बुधवारी कढीपत्त्याला पाणी द्यायचं असतं: कुंडीला अर्धा कप, कोमट, साडेसातला सुरुवात. सगळ्या कुंड्या व्हायला दोन तास दहा मिनिटं लागतात.