टॅपलीबाईंच्या भिंतीची सळई

टॅनर्स रो म्हणजे खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा घरांची जुनी विटांची रांग. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे शेजारी शिंकला की आपण रुमाल शोधायचा. टोकाच्या घरात डॉर्कस टॅपली लोकर आणि बटणं विकायची. बाई कष्टाळू, पण नवरा गेल्यापासून अख्ख्या रांगेची राखण आपल्याकडेच आहे असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तिच्या घराला लागून असलेला पब पाडला आणि इतकी वर्षं त्याला टेकलेली तिची कडेची भिंत उघडी पडली. बघता बघता भिंतीला पोट सुटलं.

"घर शेजारघराला बांधावं लागेल," गवंडी ॲम्ब्रोज म्हणाला. "लोखंडी सळई तुमच्या भिंतीतून निघून क्लेमंटच्या वरच्या खोलीच्या जमिनीच्या फळ्यांखालून जाईल. हिवाळ्याआधी झालं नाही, तर घर रिकामं करा, बाई."

पण शेजारचा, बूट दुरुस्त करणारा क्लेमंट होड डॉर्कसशी बोलत नव्हता, आणि त्याला कारण होतं. आजारी बायकोला तो रंग आवडतो म्हणून त्यानं दुकानाची दर्शनी बाजू पिवळी रंगवली होती. रांगेचा ठरलेला रंग गडद हिरवा, म्हणून डॉर्कसनं कौन्सिलकडे तक्रार केली. क्लेमंटनं निमूटपणे पिवळा रंग खरवडला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात त्याची बायको एडिथ गेली. वरची खोली तिचीच होती.

मनुक्यांचा केक घेऊन डॉर्कस त्याच्याकडे गेली, ती समोरच्या दारानं. टॅनर्स रोमध्ये शेजारी मागच्या दारानं येतात. समोरचं दार पाद्री, डॉक्टर आणि मयतासाठी.

"कोण गेलं?" क्लेमंटनं दार उघडत विचारलं.

"कोणी नाही. मागच्या दारानं यायला तोंड नव्हतं."

तिनं सळईचं सांगितलं. मग न विचारताच म्हणाली, "त्या रंगाचं मी फार वाईट केलं, क्लेमंट."

त्यानं तिच्या हातातला केक घेतला. "हो, केलंत. पण तुमची भिंत पडली तर पुढची माझीच. आणि एडिथ असती तर तुम्हाला एवढा वेळ दारात उभंही केलं नसतं. या आत, टॅपलीबाई."

फळ्या त्यानं स्वतःच उचकटल्या, एकही मोडू न देता. ॲम्ब्रोजनं सळई तापवली आणि टोकाचा नट आवळला. लोखंड निवताना आखडलं आणि भिंत जागच्या जागी थांबली. त्या रात्री डॉर्कस बिनघोर झोपली. एडिथच्या खोलीनं आपलं घर धरून ठेवलंय, या विचारानं सकाळी तिचे डोळे भरून आले. इतकं उपकृत तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाहेरच्या भिंतीवर सळईच्या टोकाची ताटाएवढी लोखंडी चकती दिसत होती. डॉर्कस शिडी लावून चढली आणि तिनं ती रंगवली. पिवळीधमक.

क्लेमंटनं रस्त्यात येऊन वर बघितलं.

"कौन्सिलला कळवावं लागेल," तो म्हणाला.

"कळव. पण आधी चहा पिऊन जा."

तो वळसा घालून मागच्या दारानं आत आला.