बाजूची टोपली

पालघरच्या मासळी बाजारात माझ्या आईच्या बाजूला जी बाई बसते, तिच्या मुलाने माझ्या भावाला मारलं. कॉलेजच्या गेटबाहेर, वडापावच्या गाडीजवळ, सुरीने. कारण काय, तर मोटरसायकलला लागलेला धक्का. भाऊ शेवटच्या वर्षाला होता. "कोर्टाने तसं म्हटलेलं नाही," असं लोक मला सांगतात. सांगोत बापडे.

दोघी एकाच कोळीवाड्यातल्या. बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते, आणि चार दिवस रिकामी दिसली तर दुसरी कोणीतरी पाट टाकून बसते. त्यामुळे खुनानंतरही दोघींपैकी कोणी उठलं नाही. बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. तरी एक बर्फ आणायला गेली की दुसरी तिची टोपली सांभाळायची, गिऱ्हाईक आलं तर तिचे बोंबीलसुद्धा विकून द्यायची. बाजारात सगळ्याच असं करतात. मी बोईसरला कंपनीत पॅकिंगला जाते, सुट्टीच्या दिवशी आईच्या मदतीला बसते. हे बघून माझ्या अंगाची आग व्हायची. एकदा म्हटलं, "सडू दे ना तिचं!"

आई म्हणाली, "म्हावऱ्यानं काय केलाय?"

खटला उभा राहिला. वडापाववाला म्हणे नेमका तेव्हा तेलाचा डबा आणायला गेला होता. भावाचे दोन मित्र, अंत्ययात्रेत ऊर बडवून रडलेले, पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले की गर्दीत चेहरा दिसला नाही. भर दुपारी! उरली आई. खुनाच्या आठवडाभर आधी, गाडीला धक्का लागला त्याच संध्याकाळी, तो मुलगा आमच्या दारात येऊन "याला सोडणार नाय" असं ओरडून गेला होता, ते तिने ऐकलं होतं. सगळा खटला तिच्या साक्षीवर येऊन ठेपला.

आरोपीचा वकील मोठा गोडबोल्या. त्याने धमकीचं नावच काढलं नाही.

"मावशी, तुम्ही बर्फाला गेलात की तुमची टोपली कोण बघतं?"

"ती बघते. बाजूला तीच हाय ना."

"म्हणजे आरोपीची आई. आणि तिची टोपली?"

"मी बघते. मंग कोन बघल?"

"अजूनही?"

"अजून पन."

सरकारी वकिलांनी मान खाली घातली. आईला काय झालं ते कळलंच नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बरा मानूस हाय. नीट विचारत होता." मला रडूही येईना.

निकाल लागला. आरोपीने खरोखर धमकी दिली असती, तर या बाईने त्याच्या आईशी असे सलोख्याचे संबंध ठेवले नसते, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. संशयाचा फायदा मिळाला आणि तो सुटला. सलोखा म्हणे! इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना "जेवलीस का" एवढंही विचारलेलं नाही. अपिलाचं विचारलं की फाइल वर गेली आहे, असं उत्तर मिळतं. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही.

तो सुटून आला त्याच आठवड्यातली गोष्ट. बाजार उठत होता. टोपली डोक्यावर घ्यायची तर कोणीतरी हात लावावा लागतो. पूर्वी कॉलेज सुटलं की भाऊ यायचा. आता मी लावते, मी नसले तर जी जवळ असेल ती. मी पाट धूत होते. तो त्याच्या आईला न्यायला आला होता. काय वाटलं कोण जाणे, आमच्या टोपलीपाशी वाकून म्हणाला, "काकी, हात लावू?"

त्याची आई जागच्या जागी थिजली. माझ्या तोंडात शिव्या आल्या. आई मात्र आवाज न चढवता म्हणाली, "नको. माजा पोरगा येल."

तो निघून गेला. मी टोपली धरली, तर तिने माझाही हात बाजूला केला. बाजार धुवायला घेतला, पाणी आमच्या पायांपर्यंत आलं, तरी ती कॉलेजच्या रस्त्याकडे बघत उभी होती.