बाजाराची गोळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. जन्मजात नव्हता. आमवात जडल्यावर तो हळूहळू तसा झाला, आणि माझ्या सासरच्या माणसांनी त्याला भरपूर खतपाणी घातलं.

या आजाराची गंमत अशी की तो वेळ बघून येतो. सकाळी उठते तेव्हा माझी बोटं मिटलेली असतात. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, ब्लाऊजच्या हुकांशी अर्धा तास झटापट चालते. अकरा वाजले की गाठी जरा सैल होतात. म्हणजे घरातली कामं असतात तेव्हा मी आजारी, आणि सभेत बोलायचं असतं तेव्हा ठणठणीत! माझ्या थोरल्या जाऊबाईंनी हे अख्ख्या सेलूला सांगून ठेवलं होतं. "लेख लिव्हायला हात चालतेत, कणीक मळायला चालत न्हाईत." पेनाला फडकं गुंडाळून ते मुठीत धरून मी लिहिते, पण ते बघायला कोण येतंय? बारा वर्षं लोकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं आणि शेवटी तीच नजर माझ्याही डोळ्यांत आली. कोणी कण्हलं की मी आधी घड्याळ बघते.

आमवाताच्या बायकांसाठी आम्ही चार-पाच जणी मिळून एक काम करतो. मी वर्तमानपत्रात लिहिते, ओळखीपाळखीच्या लोकांपुढे पदर पसरते आणि त्यातून औषधं येतात. परभणीचे डॉक्टर तपासून जे लिहून देतात, त्याच्या पुड्या बांधून महिन्यातून एकदा देवळामागच्या खोलीत आम्ही वाटतो. यातली मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. जास्त वेळा घेतली तर तेच औषध विष होतं. हे समजावता समजावता माझा घसा बसायचा, कारण वार सांगितला की बायका विसरायच्या. मग मी एक युक्ती काढली. गोळी बाजाराच्या दिवशी घ्यायची. मीठ-मिरचीसाठी का होईना, आठवडी बाजार कोणी विसरत नाही. बायकांनी तिचं नावच पाडलं, बाजाराची गोळी. त्यावर मी एक लेख लिहिला, तो छापून आला, लोकांनी कौतुक केलं. चार दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

ती बाई पहिल्यांदा आली तो वाटपाचा दिवस नव्हता. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन थेट घरीच आली. सोनपेठकडची, मेंढ्यांमागं फिरणारी, चाळिशीच्या आसपासची. बोटं माझ्यापेक्षा वाकडी. बिऱ्हाड फिरतं, दर महिन्याला कुठून येणार, म्हणून मी नियम मोडून तिला दोन महिन्यांच्या आठ पुड्या दिल्या आणि बजावलं, "बाजाराच्या दिवशी एक. विसरायचं नाही."

"न्हाई इसरत बाई," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी वाटप होतं, तर ही रांगेत उभी. "पुड्या सरल्या बाई. काल शेवटची घेतली."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आठ आठवड्यांच्या पुड्या तीन आठवड्यांत? कुठंतरी पाणी मुरत होतं. विकल्या असतील, नाहीतर नवऱ्यानं लंगड्या मेंढ्यांना चारल्या असतील. मेंढपाळ माणसाची औषधं मेंढ्यांना देतात, असं मला कोणीतरी सांगितलं होतं आणि मी ते लगेच खरं मानलं होतं. आपल्याला पटायचं असतं ते पटायला पुरावा लागत नाही. त्यात तिनं पदर तोंडावर घट्ट धरलेला, आणि बोलणं असं की तोंडात काहीतरी धरलंय. तंबाखूची चिमूट, मी मनात म्हटलं. पदर बाजूला कर, असं मला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही.

"मेंढ्यांना चारल्यास का गं पुड्या?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

रांगेतल्या बायका हसल्या. ती हसली नाही.

"मीच घेतल्या की बाई. तुमी सांगलं तशाच."

मला तो उर्मटपणा वाटला. मी म्हटलं, "मग परभणीला जाऊन रक्त तपासून ये. गोळ्या कोणाच्या पोटात गेल्या ते रक्तात बरोबर कळतं." असं काही कळतं की नाही, मला माहीत नव्हतं. मला फक्त तिला पकडायचं होतं. खरी असेल तर जाईल, खोटी असेल तर पुन्हा तोंड दाखवणार नाही. डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि पुडी मात्र एकही दिली नाही. त्या दुपारी मी स्वतःवर खूश होते.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "बाई, अगदी वेळेवर पाठवलंत तिला. तोंड आतून सोललंय, पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात. भरती करून घेतलंय. आणखी दोन-तीन गोळ्या गेल्या असत्या तर हाताबाहेरची गोष्ट होती. तुम्ही गोळ्या थांबवल्या म्हणून वाचली. कसं ओळखलंत?"

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं परभणीला गेले. ती खाटेवर बसून दह्यात कालवलेला भात सावकाश गिळत होती. ओठ फुटलेले. मी शेजारी बसले आणि गोळ्या नेमक्या कशा घेतल्या ते विचारलं.

"आमचा तळ काय एका जागी असतोय का बाई?" ती म्हणाली. "कुनाच्या शेतात खतासाटी मेंढ्या बसवल्या की दोन राती तिथं, मंग म्होरं. आज या गावचा बाजार, दोन दिसानं म्होरल्या गावचा, मंग तिसऱ्या. तुमी मनलाव, बाजाराच्या दिवशी घे. मी एकबी बाजार चुकू दिला न्हाई." हे सांगताना तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "तोंड आलं तवा वाटलं, दवा कडक हाय, लागू पडायलाय."

आठवड्याला एक बाजार हे गणित घरदार असलेल्या माणसांचं. हे मला, बारा वर्षं लोकांचं दुखणं लिहिणाऱ्या बाईला, कधी सुचलंच नव्हतं. माझ्या शब्दाला ती अक्षरशः जागली होती आणि मी तिला चोर ठरवून बसले होते. मला तिथंच रडू आलं. तिला वाटलं असेल, माझे गुडघे दुखतायत.

"तुमाला आधीच कळलं व्हतं ना बाई? मनूनच पुड्या दिल्या न्हाईत?"

मी "हो" म्हणाले.

सेलूतल्या औषध दुकानदारानं तोड सुचवली. घराणं शंकराचं भक्त, गळ्यात लिंग, दुकान उघडण्याआधी रोज पूजा. "बाई, सोमवार धरा. बाजार गावागणिक बदलतो, महादेवाचा वार कुठंही गेलं तरी सोमवारच." मला त्यातही शंका आलीच, उपासाला गोळी चालेल का? डॉक्टर म्हणाले, फराळ करून खुशाल घेऊ द्या. तेव्हापासून सोमवार.

ती बरी झाली. डॉक्टरांनी तिला पुन्हा बेतानं औषध सुरू केलं आणि ती वाटपाला येऊ लागली. येताना आपल्या तळावरच्या आणि आसपासच्या बायका घेऊन यायची. त्या माझ्यापुढे बसल्या की न सांगता आ करायच्या. "बाईला तोंड बघून कळतंय," असं तिनं सगळ्यांना सांगितलेलं. मी बॅटरी घेऊन एकेकीचं तोंड बघायची, आता खरोखरच बघायची, पण दर वेळी माझी मान खाली जायची. खोटं पकडायला बसलेली मी, आणि खोलीतलं सगळ्यात मोठं खोटं माझं.

गेल्या वाटपाला राहवलं नाही. सगळ्या गेल्यावर मी तिला थांबवलं आणि सांगून टाकलं. "मला काही कळलं नव्हतं गं. तू गोळ्या विकतेस असं वाटलं होतं मला."

ती पिशवीत पुड्या ठेवत होती. हात थांबला नाही.

"माहीत हाय की. मेंढ्यांचं बोललाव तवाच कळलं. लय लागलं व्हतं."

"मग दवाखान्यात मला तसं का विचारलंस? आणि सगळ्यांना हे का सांगत फिरतेस?"

"तुमी रडायला लागलाव, मनून इचारलं." तिनं पिशवीचं तोंड दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं, मी कप धरते तसं. "आन बायांना काय सांगू? बाईला माझा शक आला व्हता मनून? मंग एकबी यायची न्हाई तुमच्याकडं. आन हात तर सगळ्यांचेच दुखतेत."