ब्याड म्हणणाऱ्या अक्का

आमच्या पेठेत दान करायला छाती लागायची, कारण ते अक्कांच्या हातात द्यावं लागे. अक्का गाठोडं सोडायच्या, वरचंच लुगडं उजेडात धरून आरपार बघायच्या आणि म्हणायच्या, "ब्याड!" कानडीत ब्याड म्हणजे नको. हा एवढासा शब्द त्या असा टाकायच्या की देणारा आपलं पुण्य तिथंच सोडून गाठोडं तेवढं उचलून घरी जायचा.

अक्का आमच्या समोर राहायच्या. नवऱ्यामागं भुसार मालाचं दुकान चालवून दोन पोरं मार्गी लावलेली बाई. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागावल्या की दोन्ही. मी लग्न होऊन सोलापुरात आले त्या पावसाळ्यात भीमेला पूर आला. मंद्रूपच्या पलीकडची नदीकाठची घरं गेली आणि तिथली माणसं पोराबाळांसकट आमच्या पेठेतल्या शाळेत आणून ठेवली. पेठेला दयेचा उमाळा आला. मदत समिती निघाली, तिला अध्यक्ष मिळाले, फलक मिळाला, फलकावर नावं कुठल्या क्रमानं घालायची यावर भांडणही झालं. कपडे गोळा करायचं काम मात्र अक्कांच्या घराच्या पुढच्या सोप्यात आलं, कारण समितीतल्या बाकी सगळ्यांची घरं त्याच आठवड्यात अचानक लहान झाली होती.

तेव्हा जुन्या कपड्यांना मोल होतं. बोहारीण दारात बसली की दोन बऱ्या साड्यांवर स्टीलचा डबा मिळायचा. त्यामुळे धड कपडा बोहारणीला आणि तिनं फेकून दिलेला पूरग्रस्तांना, अशी वाटणी पेठेनं न बोलता करून टाकली होती. आमच्या सासूबाईंनी कसरीनं चाळण केलेला मामंजींचा कोट मोठ्या मनानं पाठवला. अक्कांनी त्याच्या भोकातून बोट बाहेर काढून हलवून दाखवलं. "बोहारीण न्हाय म्हणाली व्हय? घर नदीनं नेलं, ऱ्हायलेली अब्रू तुमी न्या की!" सासूबाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. घरात फार बरं वाटत होतं.

नवंकोरं असं जे काही आलं ते मागावर काम करणाऱ्या तेलुगू बिऱ्हाडांकडून. चादरी. ती माणसं आली, गठ्ठा ठेवला आणि गेली. फोटो कधी काढणार एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे समितीला त्यांचा थोडा संशयच आला. पण चादरी झकास होत्या, म्हणून त्या पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या हस्तेच वाटायच्या असं ठरलं. पाहुण्यांना सवड नव्हती. समारंभ पुढं पुढं जात राहिला, पाऊस काही थांबेना, आणि चादरी अक्कांच्या सोप्यात कोरड्या, सुखरूप होत्या.

शाळेत यल्लव्वा नावाची ओली बाळंतीण होती. पुरातून निघाली आणि दुसऱ्याच दिवशी मोकळी झाली. तान्हं लेकरू पोत्यावर. अक्का मला घेऊन बघायला गेल्या, त्याच्या पायांना हात लावला आणि तशाच उठल्या. "बर्फ झालंय गं लेकरू," वाटेत एवढंच बोलल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "उचल गठ्ठा." भर दुपारी आम्ही सगळ्या चादरी वाटून मोकळ्या झालो.

आणि नेमकी पाहुण्यांना दुसऱ्या दिवसाची सवड झाली. आता पाहुणे वाटणार काय? समितीनं तोड काढली, की तासाभरासाठी चादरी परत घ्यायच्या. कार्यकर्ते शाळेत सांगूनही आले. अक्का अध्यक्षांना म्हणाल्या, "लेकराच्या अंगावरची तुमी काढा. मला ब्याड."

अध्यक्ष चिडून स्वतः गेले. यल्लव्वाला वाटलं, एवढा मोठा माणूस बाळाला बघायला आलाय. "या मालक, हात लावून बघा की, पाय कसं गरम झाल्यात," म्हणत तिनं लेकरू त्यांच्या हातावर ठेवलं. तान्ह्या बाळाला रिकाम्या हातानं बघत नाहीत. खोलीतल्या सगळ्या बायका अध्यक्ष काय देतात ते बघत उभ्या. अध्यक्षांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि खांद्यावरचं जरीकाठी उपरणं बाळावर घालून परत आले. समारंभासाठी मग त्यांच्याच दुकानातल्या नव्या चादरी निघाल्या. त्यांच्या औदार्यावर पाहुणे भरभरून बोलले. मागं बसलेल्या अक्का माझ्या कानाशी लागल्या, "एक हातरायला, एक पांगरायला. झालं की बरोबर!" मला हसू आवरेना.

चादरी परत करा हे सांगायला माणसं गेली होती. आता राहू द्या, हे सांगायला जायचं कुणाला सुचलं नाही. आम्हालाही नाही.

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतकं खरं बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही आणि त्यांची उणीव मला आजही जाणवते. पण सगळ्यात आधी आठवतो तो निरोपाचा दिवस. पाणी ओसरलं, माणसांना न्यायला ट्रक आला, आम्ही निरोप द्यायला गेलो. शाळेच्या पायरीवर सगळ्या चादरी, आधीच्या आणि समारंभातल्याही, धुऊन, घड्या घालून रचलेल्या. यल्लव्वा पुढं आली. लेकरू नुसत्या त्या उपरण्यात. "बघून घ्या अक्का, एकबी फाटली न्हाय. ह्याच्या अंगावरची तेवढी सकाळी धुतली, जरा वली हाय."

अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी एक कोरडी चादर उलगडून लेकराला गुंडाळलं, मग एकेक उचलून प्रत्येकीच्या खांद्यावर टाकत गेल्या. "तुमचीच हाय गं. तुमचीच हाय." दर बाईला वेगळं सांगावं लागत होतं, कारण आधीचीला सांगितलेलं पुढचीला खरं वाटत नव्हतं. ट्रक सुरू झाला तेव्हा यल्लव्वानं फळीवरून वाकून विचारलं, "अक्का, न्यायला मागनं कोण येणार न्हाय नव्हं?"